हजला जाताना: चक्कर आणि पडणं टाळण्यासाठी घरापासून मिनापर्यंत काय करायचं

हजला निघालेल्या घरात लसीची तारीख, एहरामची (यात्रेत नेसायची) कापडं, बॅगेचं वजन, दुआंची वही यांची चौकशी दहादा होते. हाजींचा तोल कसा आहे, हे मात्र कुणी बघत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं, ज्यांचं रोजचं चालणं घर ते मशीद एवढंच, ती तिथे काही दिवसांत कित्येक किलोमीटर चालतात. तेही उन्हात, अर्ध्या झोपेवर, वेळीअवेळी खाऊन. मग कुठेतरी डोळ्यांपुढे अंधारी येतेच.

पडणं म्हटलं की सगळ्यांना जमरातची, म्हणजे सैतानाला खडे मारायच्या जागेची, गर्दी आठवते. पण गर्दीत प्रत्येकजण सावध असतो, कुणाचा तरी हात धरून असतो. माणूस गाफील असतो तो वुझूच्या (नमाजेआधी हातपाय धुण्याच्या) ओल्या फरशीवर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, सजद्यातून (नमाजेत कपाळ टेकून) उठताना आणि मध्यरात्री तंबूतून बाथरूमला जाताना. या लेखातला बराचसा सल्ला अशा किरकोळ वाटणाऱ्या जागांबद्दल आहे.

पायरी १ : चक्कर कोणत्या प्रकारची, ते घरीच ओळखा

डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर येते’ सांगू नका. कधी येते, किती वेळ टिकते, तेव्हा काय होतं, हे सांगा. उपाय त्यावरच ठरतो.

उठल्यावर अंधारी येते, दोन-चार क्षण भिंत धरावी लागते, मग ठीक वाटतं: हा बहुतेक वेळा उभं राहिल्यावर रक्तदाब घसरण्याचा प्रकार. उन्हात हा वाढतो. उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात, घामातून पाणी आणि मीठ जातं, त्यात तासभर उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. अशा वेळी झटकन उठलं तर मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं.

कूस बदलली, वर पाहिलं किंवा सजद्यात गेलं की सगळी खोली गरगर फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते: हा कानाच्या आतल्या भागाचा त्रास. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत जातात. याला महिनोन्‌महिने गोळ्या खात बसायची गरज नसते. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते कण जागेवर आणतात. ‘एपली’ म्हणतात त्या उपचाराला. काही मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच जणांना त्याने लगेच आराम पडतो. ते निघण्यापूर्वी करून घ्या, कारण दिवसाच्या पाच नमाजांमध्ये किती सजदे होतात ते तुम्हीच मोजा.

घाम, हातांची थरथर, भूक, चिडचिड आणि मग गरगरणं: मधुमेह असेल तर आधी साखर उतरल्याचा संशय घ्या.

डोकं ठीक, पण पाय भरवशाचे नाहीत: मधुमेहाने बधिर झालेले तळपाय, झिजलेले गुडघे, मोतीबिंदू. याला लोक चक्कर म्हणतात, पण हा तोल जाण्याचा प्रकार आहे. त्यावर गोळी नाही, व्यायाम आहे.

कसलीही सूचना न देता शुद्ध हरपते, किंवा जिना चढताना छातीत धडधडून चक्कर येते, अशांनी हृदयाची तपासणी झाल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये. इथे ‘बघू तिथे गेल्यावर’ चालणार नाही.

पायरी २ : निघण्याआधी दोन महिने

घरी तीन चाचण्या करा. जवळ कुणीतरी उभं असू द्या.

पहिली रक्तदाबाची. पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजा. उभे राहा आणि एका मिनिटाने, मग तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ही नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरी चालण्याची. खुर्चीतून उठा, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालत जा, वळा, परत येऊन बसा. याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं समजतात.

तिसरी तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत उभे राहा. दहा सेकंद जमलं नाही तर व्यायामाला आजच लागा.

व्यायाम साधा आहे. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, ओट्याशेजारीच एका पायावर उभं राहणं आणि रोजचं चालणं. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू तासावर न्या. हजला जी चप्पल न्यायची तीच घालून चाला. नवी चप्पल तिथे जाऊन पहिल्यांदा घालणं म्हणजे फोडाला आमंत्रण, आणि फोड आलेला माणूस लंगडतो, लंगडणारा पडतो.

अंतरांचा अंदाज असू द्या. सफा-मरवा या टेकड्यांमधल्या सात फेऱ्या, म्हणजे सई, मिळून सुमारे तीन किलोमीटर होतात. तवाफ, म्हणजे काबागृहाभोवतीच्या सात फेऱ्या, अगदी जवळून केला तर फेरी लहान असते. वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर तीच फेरी कितीतरी लांबते आणि सातांचे काही किलोमीटर होतात. उमऱ्यात, म्हणजे छोट्या यात्रेत, हे दोन्ही लागोपाठ येतं.

पायरी ३ : औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता

पडण्याचं मूळ कितीदा तरी या पिशवीतच सापडतं, म्हणून इथे घाई नको. सगळी पाकिटं घेऊन जा, आयुर्वेदिक आणि दुकानातून आपणच आणलेलीही. पुढच्या गोळ्यांबद्दल नावानिशी विचारा.

रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. घरी बरोबर असलेला डोस ४५ अंशांच्या उन्हात जास्त ठरू शकतो. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनसारखी गोळी उभं राहताना दाब पाडते. बरेच पुरुष हाजी ती घेत असतात आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांना ती माहीतच नसते, कारण ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असते. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या. हजमध्ये खोकला-सर्दी जवळजवळ ठरलेली, आणि सोबतचा कुणीतरी आपल्या पाकिटातली गोळी काढून देतोच. ती घेऊन रात्री तंबूत उठणारा माणूस हमखास अडखळतो. मधुमेहात इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडने साखर एकदम उतरू शकते. चालणं चौपट आणि जेवण अर्धं झालं की डोस बदलावा लागतो. तो किती, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हवं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. बंद केलेल्या गोळीनेही माणूस पडतो.

सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीला याने फार फरक पडत नाही, पण इन्सुलिनच्या वेळा आधी ठरवून घ्या.

एका कागदावर आजार, औषधांची रासायनिक नावं, डोस आणि ॲलर्जी इंग्रजीत लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरात लिहा. का, ते शेवटच्या पायरीत येईल. त्याच्या दोन प्रती काढा: एक तुमच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये, दुसरी सोबतच्या माणसाकडे.

पायरी ४ : कपडे, चप्पल, चष्मा

एहरामची खालची लुंगी सैल पडते आणि घोट्याखाली लोंबते, मग पुढच्या पायऱ्या चढताना तिच्यावरच पाय पडतो. ती घोट्याच्या वर बांधा, वरून रुंद पट्टा लावा, आणि घरी हे नेसून दोन मजले चढ-उतार करून पाहा. पट्ट्याला एहरामात मनाई नाही. बायकांचा बुरखा किंवा अबाया जमिनीपासून दोन बोटं वर असू द्या. सरकत्या जिन्याच्या फटीत आधी हाच काठ जातो.

पुरुषांना एहरामात मोजे चालत नाहीत. बायकांनी तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घ्यावेत, कारण गुळगुळीत नायलॉनचे मोजे संगमरवरावर बर्फासारखे सरकतात. मताफची (तवाफ करायच्या अंगणाची) पांढरी फरशी उन्हातही फार तापत नाही. पण बाहेरचा रस्ता तापतो, आणि मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर चटका बसलेला कळतही नाही. हरमच्या (मक्केच्या मोठ्या मशिदीच्या) दारात चप्पल सोडून येण्यापेक्षा ती पिशवीत घालून पाठीवर घ्या, म्हणजे कोणत्याही दाराने बाहेर पडलात तरी अनवाणी चालावं लागणार नाही.

दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा पायऱ्या उतरताना दगा देतो. खाली पाहिलं की वाचायची काच आड येते आणि पायरीची कड पुसट होते. दूरचा एकच नंबर असलेला साधा चष्मा चालण्यासाठी वेगळा करून घ्या.

बॅगेत छत्री, पाणी फवारायची छोटी बाटली, ग्लुकोजची पावडर किंवा साखर, ओआरएसची पाकिटं, छोटी टॉर्च आणि बसायला घडीचं हलकं स्टूल एवढं असावं. एहरामात पुरुषांनी डोक्याला चिकटून बसणारी टोपी किंवा रुमाल घालायचा नसतो, छत्री चालते. तरी भर दुपारी बंद छत्री काखेत धरून चालणारे हाजी दिसतातच.

पायरी ५ : पोहोचल्यावर लगेच उमरा नको

विमानात रात्र जागून काढलेली, जेद्दाहला रांगेत तास गेलेले, मग बस, मग हॉटेल. आणि सामान टाकल्या टाकल्या गटातले म्हणतात, चला, आत्ताच उमरा करून टाकू. नको. एहराम तसाच ठेवून हॉटेलात जेवा, पाणी प्या, चार-पाच तास झोपा, मग जा. त्यात धर्माची काहीही अडचण नाही. रात्री इशाच्या नमाजेनंतर किंवा पहाटे फज्रच्या नमाजेआधी ऊन नसतं, तेव्हा निघालात तर उत्तम.

मदिनेतही अशीच घाई होते. चाळीस नमाजा पूर्ण करायच्या म्हणून लोक न्याहारी सोडून धावतात. मधुमेही माणसाने खिशात खजूर-बिस्किटं ठेवल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये.

पायरी ६ : हरममध्ये

झमझमच्या पवित्र पाण्याच्या पिंपांभोवतीची फरशी ओली असते. पेला तिथेच उभ्याने रिकामा करण्यापेक्षा बाजूला होऊन, कोरड्या जागी बसून प्या. मताफ धुणारे कर्मचारी दोरी लावून भाग अडवतात, ती दोरी ओलांडू नका. अंगणात पाण्याचे तुषार सोडणारे पंखे आहेत. गारवा छान, पण त्यांच्या खालची जमीन निसरडी.

तवाफ बाहेरच्या कडेने करा. हजरे अस्वदच्या (काबागृहाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाच्या) रेषेवर लोक हात उंचावून थबकतात आणि मागून लोंढा येतो, धक्के तिथेच बसतात. थबकू नका. चालता चालताच इशारा करून पुढे व्हा. हजरे अस्वदचं चुंबन घ्यायचंच, असा हट्ट अशक्त माणसाने धरूच नये. ते फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही, दुसऱ्याला ढकलून तर मुळीच नाही. चप्पल, तसबीह, फोन, काहीही खाली पडलं तर गर्दीत वाकू नका. गेलं ते गेलं.

सईच्या वाटेवर मध्ये व्हीलचेअरची वेगळी मार्गिका आहे. हिरव्या दिव्यांमधल्या भागात पुरुष झपझप चालतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आपल्याच चालीने जावं. दोन फेऱ्यांमध्ये बसून दम खाल्ला तरी सई वाया जात नाही.

व्हीलचेअरबद्दल जरा स्पष्ट बोलतो. आपल्याकडे तिला कमीपणा समजतात. ‘अब्बा, खुर्ची घेऊ या का?’ विचारलं की अब्बा रागावतात. हजरत उम्मे सलमा आजारी होत्या, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना लोकांच्या मागून, स्वारीवर बसून तवाफ करायला सांगितलं होतं. खुद्द पैगंबरांनीही उंटावरून तवाफ केल्याची हदीस आहे. मग सत्तरीतल्या, गुडघ्यांनी बेजार माणसाला संकोच कसला? वाटल्यास तवाफ चालून करा आणि सई खुर्चीत. कोणाला कितपत सवलत लागू होते, ते आपल्या मौलानांना निघण्याआधीच विचारून ठेवा. तिथे चक्कर आल्यावर मसला विचारत बसायला वेळ नसतो.

नमाजेत उठताना: सजद्यातून आधी बसा, दोन श्वास घ्या, मग एक हात गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकून उठा. कानाची चक्कर असेल तर ती थांबेपर्यंत खुर्चीवर बसून इशाऱ्याने सजदा करा. जमात लांबली आणि उभ्या उभ्या गळल्यासारखं वाटू लागलं तर मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळा, सोडा, पुन्हा आवळा. पायांत साचलेलं रक्त याने वर सरकतं. तरीही अंधारी आली तर बसून नमाज पुरी करा.

सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना मुलाने वडिलांच्या एक पायरी खाली उभं राहावं. वर जाताना तोल मागेच जातो. खाली उतरतानाही मुलाने पुढे, म्हणजे खालच्याच पायरीवर असावं. ज्यांनी आयुष्यात सरकता जिना वापरला नाही त्यांना निघण्याआधी एखाद्या मॉलमध्ये नेऊन दोनदा चढवा-उतरवा. एवढी साधी तयारी कुणी करत नाही.

पायरी ७ : मिना, अराफात, मुझदलिफा

खरी कसोटी जिल्हज महिन्याच्या ८ ते १२ किंवा १३ तारखेची. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. त्या वर्षी सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले, त्यातले ८३ टक्के परवान्याविना आलेले लोक होते, उन्हात लांबवर चाललेले, निवारा नसलेले. हजच्या तारखा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणून आता हजयात्रा मे महिन्याकडे येते आहे. पण मक्केतला मेसुद्धा चाळीस अंशांच्या वरचाच.

मक्केजवळच्या मिनाच्या तंबूत गाद्या एकमेकींना खेटून असतात. म्हाताऱ्या माणसाला वाटेजवळची, दाराकडची गादी द्या, म्हणजे रात्री कुणाला ओलांडून जावं लागणार नाही. बाथरूम सामायिक, ओली आणि बहुतेक भारतीय बैठकीची. उकिडवं बसून उठताना रक्तदाब घसरतो, म्हणून आत जाताना सोबतच्याला सांगून जा, कडी शक्य तर लावू नका, आणि उठताना नळाला नाही, भिंतीला धरा. नळ निसटतो. रात्री पुरुषांनीही लघवी बसूनच करावी. झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना भोवळ येऊन पडणं ही डॉक्टरांच्या ओळखीची गोष्ट आहे.

अराफातच्या मैदानात जबले रहमत या टेकडीवर चढणं आवश्यक नाही. वुकूफ, म्हणजे तिथलं दुआ करत थांबणं, मैदानाच्या हद्दीत कुठेही होतो, तंबूत बसूनही होतो. त्या दिवशी हाजींनी रोजा ठेवायचा नसतो हेही घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा. अराफातच्या दिवशी पैगंबर रोजाने आहेत का, अशी लोकांत चर्चा झाली, तेव्हा हजरत उम्मुल फज्ल यांनी त्यांना दुधाचा पेला पाठवला आणि त्यांनी तो सर्वांसमोर प्यायला.

पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. पण नुसतंच पाणी पीत राहिलं आणि घामातून मीठ जात राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, त्यानेही गरगरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. म्हणून मधे ओआरएस घ्या. पाकिटावरचं वाचा: मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलिलिटरसाठी असतं. मोठं पाकीट एका पेल्यात ढवळलं तर ते औषध राहत नाही, नुसतं खारट पाणी होतं. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी पाणी आणि ओआरएस किती, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

मुझदलिफाला रात्र उघड्यावर, खडबडीत जमिनीवर. खडे वेचायला पुन्हा पुन्हा वाकून उठलं की चक्कर येते. एका जागी बसून वेचा, किंवा मुलाला वेचायला सांगा. बारा तारखेला निघणार असाल तर ४९, तेराव्यापर्यंत थांबणार असाल तर ७० लागतात. दुर्बल माणसांना, त्यांच्या सोबतच्यांना रात्रीच मिनाकडे निघण्याची सवलत हदीसमध्ये आहे. ती गर्दीआधी घ्या. जमरातला भर दुपारी जाऊ नका, तुमच्या गटाला दिलेली वेळ पाळा, खडे मारून झाल्यावर उलट वळू नका, प्रवाहासोबत पुढे जाऊनच बाहेर पडा. ज्याला खरंच झेपत नाही त्याच्या वतीने दुसरा रमी करू शकतो, म्हणजे खडे मारू शकतो.

पायरी ८ : चक्कर आलीच तर

पहिली खूण मिळताच खाली बसा. भिंत शोधू नका, सोबतच्याला हाक मारायला चार पावलं जाऊ नका. चालत्या गर्दीत असाल तर सोबतच्याचा दंड धरून तिरकं तिरकं कडेला या आणि मग बसा.

सोबतच्याने काय करावं: सावलीत आडवं करा, पाय पिशवीवर उंच ठेवा, पट्टा सैल करा. मधुमेही असेल आणि शुद्धीत असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र नसेल तर साखर देऊनच टाका. बरं वाटलं तरी आधी बसवा, पाच मिनिटांनी उभं करा.

अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, चिडतोय किंवा गुंगीत जातोय, तर हा उष्माघात. तोंडात पाणी ओतू नका. कपडे सैल करून अंगभर पाणी मारा, जोरात वारा घाला, मान, काखा, जांघांत बर्फ ठेवा, आणि हे करत असतानाच रुग्णवाहिका बोलवा. वाट बघत बसला तर मेंदूवर परिणाम होतो. चक्करेबरोबर तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोबडं बोलणं, एकाएकी दोन दोन दिसणं किंवा छातीत दुखणं असेल तरीही तीच घाई करा.

सौदी रेड क्रेसेंटची रुग्णवाहिका ९९७ वर मिळते, मक्का-मदिनेत ९११ ही चालतो. दोन्ही क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहा. हज कमिटीतून गेलेल्यांनी आपल्या गटाच्या हज इन्स्पेक्टरचा क्रमांकही सोबत ठेवावा, भारतीय हज मिशनचे दवाखाने तिथे असतात.

गर्दीत पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या, दोन्ही हातांनी डोकं झाका. दुसरा कुणी पडला तर दोघा-तिघांनी त्याच्या पाठीशी, गर्दीकडे तोंड करून उभं राहावं आणि चौथ्याने उचलावं.

पायरी ९ : पडल्यावर

पडलेल्याला लगेच ओढून उभं करू नका. आधी विचारा, कुठे दुखतंय. मांडी किंवा जांघ दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, स्ट्रेचर येऊ द्या. मान दुखत असेल तरीही तेच.

डोक्याला मार लागला असेल आणि वॉरफरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी दवाखान्यात नेऊन डोक्याचा स्कॅन करून घ्या. अशा माणसात रक्तस्राव तासांनी, कधी दिवसांनी डोकं वर काढतो. आणि हे लक्षात ठेवायचा काळ घरी परतल्यावरही संपत नाही. म्हाताऱ्या माणसात कवटीखालचं रक्त सावकाश साचतं. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी वाढली, दिवसा झोप येऊ लागली, पाय ओढला जाऊ लागला किंवा विसरणं एकदम वाढलं तर ‘हजचा थकवा’ म्हणून सोडू नका, आणि डॉक्टरांना तिथे पडल्याचं आवर्जून सांगा.